धीट प्रार्थना, चिवट प्रार्थना: एक विनंती शेवटपर्यंत धरून कशी ठेवायची

काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी प्रार्थनेची वही हातात आली आणि मी सहज पानं चाळत बसलो. एका वर्षात २७ विनंत्या लिहिल्या होत्या. त्यातल्या कितीतरींचं पुढे काय झालं ते मला आठवेचना, म्हणजे देवाने नाही म्हटलं असं नाही, उत्तर आलं असंही नाही, मीच चार दिवस मागितलं आणि पाचव्या दिवशी विसरून गेलो. ते बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात एकाच्या आजारपणासाठीची विनंती होती आणि त्याला मी "रोज प्रार्थना करतोय" असं तोंडाने सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी प्रार्थना करायची पद्धत बदलली, आणि हा लेख त्याबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की थोड्या विनंत्या घ्या, पण घेतलेली विनंती होय, नाही किंवा थांब यापैकी काहीतरी कळेपर्यंत सोडू नका. आता हे रोजच्या धावपळीत कसं जमवायचं ते सांगतो.

सुरुवातीला: आपण कोणाच्या दारात उभे आहोत?

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका प्लीज, कारण इथे चूक झाली की पुढची सगळी चिकाटी चुकीच्या दिशेने जाते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायातला, येशूने दाखल्यात सांगितलेला मध्यरात्रीचा मित्र सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा आलाय, घरात काही नाही, म्हणून हा मित्राच्या दारात जाऊन तीन भाकरी मागतो, आणि आतून आवाज येतो की दार लावलंय, मुलं माझ्याजवळ झोपलीत, मला त्रास देऊ नकोस. तरी शेवटी तो उठून देतो, आग्रहामुळे. हा जो आग्रह शब्द आपल्या बायबलमध्ये आहे त्याच्या जागी मूळ ग्रीकमध्ये अनाइदेइया आहे, आणि त्याचा सरळ अर्थ निलाजरेपणा. लाज सोडून मागणं. लूक १८ मधली, न्याय मागायला रोज येणारी विधवा तर आणखी पुढची, तिथला अन्यायी न्यायाधीश म्हणतो की ही येऊन येऊन मला हैराण करेल, आणि तिथे वापरलेला ग्रीक शब्द शब्दशः घेतला तर डोळ्याखाली ठोसा मारणे असा आहे! एका गरीब विधवेबद्दल एवढा मोठा न्यायाधीश असं म्हणतोय.

पण इथेच बरेच जण गडबडतात. ते समजतात की देव झोपलेल्या मित्रासारखा आहे किंवा त्या न्यायाधीशासारखा आहे आणि आपण दार बडवून बडवून त्याला उठवायचं. येशूने दोन्ही दाखले उलट बाजूने सांगितलेत. झोपमोड झालेला माणूस सुद्धा देतो, देवाला न भिणारा न्यायाधीश सुद्धा शेवटी न्याय करतो, मग तुमचा स्वर्गीय पिता किती विशेषेकरून देईल? म्हणजे आपल्या चिकाटीचा पाया देवाच्या चांगुलपणावर आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की प्रार्थनेतली भीक मागितल्यासारखी भाषा आपोआप जाते.

धैर्य म्हणजे आवाज चढवणं नाही

इब्री ४:१६ मध्ये लिहिलंय की आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ या. तिथला ग्रीक शब्द पार्रेसिया, मोकळेपणाने मनातलं सगळं बोलणं. ग्रीक शहरांमध्ये नागरिकाला सभेत उभं राहून न घाबरता बोलायचा जो हक्क होता त्यासाठी हाच शब्द वापरायचे. गुलामाला तो हक्क नव्हता. आता मला सांगा, आपण देवापुढे कसे बोलतो? बऱ्याच वेळा गुलामासारखे, किंवा ऑफिसमध्ये साहेबापुढे अर्ज घेऊन उभं राहिल्यासारखे.

मात्र हा हक्क आपण कमावलेला नाही. इब्रीकरांस पत्रात याच्या आधीच्या दोन वचनांत कारण दिलंय, आपला महायाजक येशू आपल्या दुर्बलतेत सहभागी होऊ शकतो, सगळ्या बाबतीत त्याची परीक्षा झाली आणि तो निष्पाप राहिला. त्याच्यामुळे दार उघडं आहे. म्हणून ज्या दिवशी तुमच्याकडून चूक झालीय, तोंड दाखवायची लाज वाटतेय, त्याच दिवशी आत जायचंय. त्या वचनात लिहिलंच आहे की दया मिळावी म्हणून जा. चांगलं वागलेल्या माणसाला दया कशाला लागते?

आणि हाच पार्रेसिया शब्द १ योहान ५:१४ मध्ये परत येतो, पण तिथे त्याला एक जोड आहे: त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितलं तर तो ऐकतो. त्यामुळे "मी हुकूम देतो, मला हे मिळालंच पाहिजे" अशी जी प्रार्थना कधी कधी ऐकू येते तिला मी धैर्य म्हणणार नाही. मूल बापाच्या मांडीवर चढून हट्ट करतं ते वेगळं, आणि बापालाच ऑर्डर सोडणं वेगळं.

पायरी १: विनंती नेमकी करा, एका ओळीत बसवा

आंधळा बार्तीमय ओरडत येशूकडे आला, लोक गप्प बस म्हणत होते तर तो आणखी जोरात ओरडला, आणि येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळा आहे हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मध्यरात्रीच्या मित्रानेही "काहीतरी खायला दे" असं म्हटलं नाही, तीन भाकरी म्हटलं.

आपण मात्र "प्रभू, सगळ्यांना आशीर्वाद दे, माझ्या कुटुंबाला सांभाळ" असं म्हणून मोकळे होतो. यात चूक नाही, पण याचं उत्तर आलं की नाही हे कसं ओळखणार? म्हणून एक साधी वही घ्या. डाव्या बाजूला तारीख, मग विनंती एका ओळीत, माणसाचं नाव घेऊन, आणि उजवीकडे एक रिकामी जागा उत्तरासाठी. फोनमध्ये केलं तरी चालेल पण माझा अनुभव असा की फोन उघडला की आधी मेसेज दिसतात आणि प्रार्थना राहून जाते.

एका वेळी तीन ते पाच विनंत्या, जास्त नाही. बाकीच्या लोकांसाठी रोज थोडक्यात प्रार्थना करा, पण धरून ठेवायच्या विनंत्या मोजक्याच. जड वस्तू एका वेळी किती उचलता येतात?

ओळ लिहिताना स्वतःला विचारा की मला खरंच काय हवंय. "त्याला सुबुद्धी दे" असं लिहिलं असेल तर त्याच्या मागे राग आहे का? याकोब ४ मध्ये दोन्ही गोष्टी लागोपाठ आहेत, तुम्ही मागत नाही म्हणून मिळत नाही, आणि मागता ते वाईट हेतूने मागता म्हणून मिळत नाही. हेतू शंभर टक्के शुद्ध होईपर्यंत थांबू नका हां, तसं थांबलो तर कोणी कधीच प्रार्थना करणार नाही. मागायला लागा, हेतू वाटेत धुतला जातो.

पायरी २: विनंतीला वचन जोडा

धैर्य कुठून येतं तर इथून येतं. दानीएल ९ वाचा. दानीएल यिर्मया संदेष्ट्याचं लिखाण वाचतोय, त्याला कळतं की यरुशलेमची ओसाडी ७० वर्षांची आहे, आणि ते कळल्यावर तो आरामात बसत नाही, उपास करून, गोणपाट नेसून प्रार्थनेला लागतो. देवाने सांगितलंय म्हणून मागतोय. एलीया संदेष्ट्याचंही तसंच, दुष्काळ पडलेला असताना १ राजे १८ च्या पहिल्याच वचनात देव म्हणतो मी पाऊस पाडीन, आणि तरी त्याच अध्यायाच्या शेवटी एलीया कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोकं घालून पावसासाठी प्रार्थना करतोय.

करायचं असं, की प्रत्येक विनंतीखाली एक वचन लिहा जे त्या गोष्टीबद्दल देवाचं मन दाखवतं. भीती असेल तर फिलिप्पै ४:६-७. निर्णय घ्यायचा असेल, बुद्धी हवी असेल तर याकोब १:५, त्यात तर देव दोष न लावता देतो असं लिहिलंय. पापाची क्षमा हवी असेल तर १ योहान १:९. पण वचन ओढून ताणून लावू नका. बायबल मध्येच कुठेतरी उघडून बोट ठेवायचं आणि तेच वचन नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी लावायचं, असं नको. अब्राहामाला दिलेलं वचन जसंच्या तसं माझ्या प्रमोशनला लागू होत नाही. जिथे थेट वचन नाही, उदाहरणार्थ अमुक घर मिळावं की नाही, तिथे मोकळेपणाने मागा आणि शेवटी तुझी इच्छा म्हणा, हेही पूर्ण विश्वासाचं मागणं आहे.

पायरी ३: देवापुढे बाजू मांडा

ही गोष्ट आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी शिकवली जाते म्हणून मी इथे जरा थांबणार आहे.

उत्पत्ती १८ मध्ये देव पापी सदोम शहराचा नाश करणार असतो आणि अब्राहाम त्या शहरासाठी बोलतो. ५० नीतिमान असले तर? मग ४५, ४०, ३०, २०, आणि शेवटी १०. सहा वेळा. आणि त्याचा युक्तिवाद काय आहे बघा, "सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?" म्हणजे तो देवाच्याच स्वभावाला धरून बोलतोय. देव एकदाही रागावत नाही, प्रत्येक वेळी हो म्हणतो. दहावर अब्राहाम थांबला. सदोमात दहाही निघाले नाहीत, शहर गेलं, पण उत्पत्ती १९:२९ मध्ये लिहिलंय की देवाने अब्राहामाची आठवण केली आणि त्याचा पुतण्या लोट याला बाहेर काढलं. विनंती जशी मागितली तशी नाही, पण वाया गेली नाही.

मोशेही निर्गम ३२ मध्ये असंच करतो. लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केलीय, आणि तो देवाला म्हणतो की हे तुझे लोक आहेत, मिसरी लोक काय म्हणतील, आणि अब्राहाम, इसहाक, इस्राएल यांना तू शपथ वाहिली होतीस ती आठव. देवाचे लोक, देवाचं नाव, देवाचं वचन, हे तीन मुद्दे.

तुम्ही पण हे करू शकता. साध्या शब्दांत, जसं घरी बोलता तसं. "बापा, ही तुझी मुलगी आहे, तिला तू बनवलंस, तू तुटलेल्या मनाच्या जवळ असतोस असं तुझ्या वचनात आहे, ती रोज रात्री रडतेय, आता तिच्या जवळ ये." एवढंच. मोठे मोठे शब्द लागत नाहीत.

आणि तक्रार असेल तर तीही बोला. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे, त्यात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कुठवर" येतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी एकही गोड ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. जो देवावर चिडून का होईना देवाशीच बोलतोय त्याने प्रार्थना सोडलेली नाही. गप्प झालेल्या माणसाची मला जास्त काळजी वाटते.

पायरी ४: वेळ ठरवा, आणि मूडवर सोडू नका

दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाला त्या दिवशी सुद्धा, "नेहमीप्रमाणे". आपल्याला सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरे. जागा एक, वेळ एक, अलार्म लावा. पहिली दोन-तीन मिनिटं देव कोण आहे ते बोला, मग वही उघडा, एकेक ओळ घ्या, नंतर दोन मिनिटं गप्प बसा. या गप्प बसण्यात कोणाचं नाव आठवलं, स्वतःची एखादी चूक दिसली, तर लिहून ठेवा.

रोज तेच तेच शब्द येतात म्हणून बऱ्याच जणांना अपराधी वाटतं, येशूने तर बडबड करू नका असं सांगितलंय ना! मत्तय ६:७ मध्ये सांगितलंय खरं, पण ते "फार बोललं म्हणजे ऐकलं जाईल" असं मानणाऱ्यांबद्दल आहे. त्याच मत्तयाच्या २६ व्या अध्यायात येशू पकडला जाण्याआधी गेथशेमाने इथे, दुःखाचा प्याला टळावा म्हणून, तिसऱ्यांदा पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो. शब्द तेच असले तरी चालतं, मन तिथे पाहिजे. आणि मत्तय ७:७ मधलं मागा, शोधा, ठोका हे मूळ भाषेत मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा अशा अर्थाचं आहे.

ज्या दिवशी शब्दच सुचत नाहीत त्या दिवशी फक्त ओळ वाचा आणि "प्रभू, दया कर" म्हणा. रोम ८:२६ प्रमाणे पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, तो त्या दिवसांसाठीच आहे असं समजा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी परत बसा, दुप्पट वेळ बसून भरपाई करायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ५: प्रार्थना तुमच्याकडे काय मागतेय ते ऐका

माझा मोठा भाऊ आणि बाबा, दोघांचं बोलणं बंद होतं. २०१७ च्या मार्चमध्ये मी वहीत ओळ लिहिली, "भावाने बाबांशी बोलावं." सुरुवातीचे कित्येक महिने माझी प्रार्थना म्हणजे भावाच्या चुकांची यादीच होती. मग एका सकाळी त्या गप्प बसायच्या दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की भावाला मी स्वतःसुद्धा वर्षभरात फोन केलेला नाही. मार्क ११:२५ आठवलं, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. मी त्याच दिवशी त्याला मेसेज केला, उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी परत केला. मग महिन्यातून एकदा, नुसती विचारपूस, बाबांचा विषय न काढता. २०२० च्या शेवटी त्याचा फोन आला, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय असं कळलं, त्यांचा नवीन नंबर दे. चार मिनिटं बोलले ते दोघं, आणि डोळ्यात टाकायच्या थेंबांशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. बाबांनी फोन ठेवल्यावर चष्मा काढून पुसला, जो पुसायची गरज नव्हती.

पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याचं बघा, यरुशलेमचा तट पडलाय ही बातमी किसलेव महिन्यात कळली तेव्हापासून निसान महिन्यापर्यंत, साधारण चार महिने तो प्रार्थना करत होता, आणि राजाने विचारल्यावर त्याच्याकडे सगळं तयार होतं, किती दिवस लागतील, कोणाला पत्रं पाहिजेत, लाकूड कुठून आणायचं. नोकरीसाठी प्रार्थना करताय तर अर्ज पण पाठवा. आजारपणासाठी करताय तर डॉक्टरांनी दिलेली औषधं घेत राहा, प्रार्थना चालू आहे म्हणून गोळ्या बंद करणं हा विश्वास नाही, आणि असं करायला जो कोणी सांगेल त्याचं ऐकू नका. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि मदत मागा, प्रार्थना तिथूनही करता येते.

उपवासाबद्दल थोडक्यात: महत्त्वाच्या विनंतीसाठी जरूर करा, एका जेवणापासून सुरू करा, पाणी पीत राहा. डायबेटिस असेल, गरोदर असाल किंवा रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्याऐवजी दुसरं काही सोडा.

पायरी ६: एकटे ओढू नका

इस्राएली लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात खाली आले की इस्राएल मागे पडायचं, म्हणून अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. तुम्हाला असे दोघं जण पाहिजेत. मोठा ग्रुप नको, ग्रुपवर सगळे हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि पुढे जातात. दोन माणसं, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते, आठवड्यातून एकदा फोनवर वीस मिनिटं. एकाने विनंती बोलायची, बाकीच्यांनी त्याच एका गोष्टीसाठी प्रार्थना करायची, मग पुढची.

प्रेषितांची कृत्ये ४ मधली प्रार्थना एकदा एकत्र वाचा. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडलंय, मंडळी जमलीय, आणि ते मागतात काय तर धमक्या थांबव असं नाही, आम्हाला धैर्याने बोलू दे. इथेही तोच पार्रेसिया शब्द. ती जागा हादरली असं लिहिलंय.

उत्तर येत नाही तेव्हा

पावसासाठीच्या त्या प्रार्थनेत एलीयाने चाकराला समुद्राकडे बघायला पाठवलं, काही नाही. पुन्हा जा. सात वेळा. सातव्यांदा हाताएवढा ढग. सहाव्या वेळेला एलीयाला कसं वाटलं असेल? आपण बहुतेक तिथेच कुठेतरी असतो, दुसऱ्या आणि सहाव्याच्या मध्ये. दानीएल १० मध्ये तीन आठवडे गेल्यावर दूत येऊन सांगतो की तुझे शब्द पहिल्याच दिवशी ऐकले गेले, पण २१ दिवस वाटेत अडथळा होता. म्हणजे उशीर झाला तरी ऐकलं गेलेलं असू शकतं.

ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारा जॉर्ज म्युलर, १८०५ ते १८९८, याने १८४४ च्या नोव्हेंबरमध्ये पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिल्याला दीड वर्ष लागलं, दुसऱ्याला आणखी पाच, तिसऱ्याला त्यानंतर सहा, आणि ३६ वर्षं झाली तेव्हाही तो उरलेल्या दोघांसाठी रोज प्रार्थना करत होता. मोनिका आपल्या मुलासाठी, पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेल्या ऑगस्टीनसाठी, कितीतरी वर्षं रडली, आणि ३८७ साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती जिवंत होती, त्याच वर्षी ती वारली.

दर तीन महिन्यांनी वही घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीला विचारा: हे अजून मागायचं का, वेगळ्या शब्दांत मागायचं का, की उत्तर आलंय आणि मला ते आवडलं नाही म्हणून मी बघत नाहीये? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा एक त्रास, काढायला तीनदा विनंती केली, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे, आणि मग तो थांबला. हे थांबणं म्हणजे हार मानणं नव्हे, त्याने उत्तर ऐकलं म्हणून तो थांबला. आणि ज्यांना "नाही" मिळालंय, ज्यांचं माणूस प्रार्थना करूनही गेलं, त्यांना कृपा करून कोणी सांगू नका की तुमचा विश्वास कमी पडला. गेथशेमानेतला प्याला टळला नाही, आणि तिथे विश्वास कमी नव्हता.

उत्तर आलं तर

कृत्ये १२ मध्ये पेत्र तुरुंगातून सुटून दारात उभा आहे आणि आत त्याच्याचसाठी प्रार्थना चाललीय, रोदा नावाची दासी धावत जाऊन सांगते तर लोक तिला म्हणतात तू वेडी आहेस. म्हणून उत्तरासाठीची ती उजवीकडची जागा महत्त्वाची आहे. तारीख लिहा, काय झालं ते लिहा, अर्धवट उत्तर असेल तर अर्धवट लिहा, त्या दोघांना फोन करा आणि त्या दिवशी काहीही न मागता फक्त आभार माना. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले होते, आभार मानायला परत एकच आला.

भावाच्या ओळीपुढे मी लिहिलंय, "चार मिनिटं बोलले." त्याच्या खाली नवीन तारीख घालून दुसरी ओळ आहे, त्याने प्रभूकडे परत यावं म्हणून. ती जागा अजून रिकामी आहे, उद्या सकाळी पहिली तीच घेणार आहे.